शब्दचर्चा: 'पतेती मुबारक' म्हणावं का?

आमच्या घरापलीकडे दादरची पारशी कॉलनी. ऑगस्टमध्ये ओळखीच्या पारशी आजींना मी हौसेनं 'पतेती मुबारक' म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, 'नवरोज मुबारक, दीकरा.' तेव्हापासून मनात आहे, माझं चुकलं का? आणि आपण मराठीत 'शुभेच्छा' म्हणावं की त्यांचाच शब्द घ्यावा?

——

'पतेत' म्हणजे पश्चात्ताप. पतेती हा पारशी वर्षाचा शेवटचा दिवस, वर्षभरातल्या चुका मनाशी कबूल करण्याचा. दुसऱ्या दिवशी नवरोज. फारसीत 'रोज' म्हणजे दिवस, 'नव' तर आपलाच वाटावा. मुंबईत मात्र नववर्षालाच सर्रास पतेती म्हणतात. आजींनी तुम्हाला न दुखावता दुरुस्त केलं. पश्चात्तापाच्या दिवसाला मुबारक कसं म्हणायचं?

आता 'मुबारक'. शब्द अरबी, 'बरकत' त्याच धातूचा. 'धंद्याला बरकत येवो' हे आपण सहज म्हणतो, मग 'ईद मुबारक' म्हणताना जीभ का अडखळावी? काळबादेवीत दिवाळीच्या पाडव्याला गुजराती व्यापारी एकमेकांना 'साल मुबारक' म्हणतात. साल फारसी, मुबारक अरबी, तिथी कार्तिक शुद्ध प्रतिपदा आणि बोलणारे बहुतेक हिंदू नाहीतर जैन! म्हणून माझं मत, ज्याचा सण त्याचा शब्द घ्यावा. 'ईदच्या शुभेच्छा'ही चूक नाही, पण 'ईद मुबारक'नं समोरचा चेहरा जास्त खुलतो.

——

सहमत, पण आधी दिवस कसला ते बघा. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकानं 'हॅपी गुड फ्रायडे' टाकलं. तो येशूला क्रुसावर चढवल्याचा दिवस. मोहरमच्या दहाव्या दिवशी शिया मुसलमान इमाम हुसेन यांचा शोक पाळतात, तिथेही मुबारक नको. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक बाबासाहेबांना अभिवादन करायला येतात. त्या दिवशी शब्द 'अभिवादन', 'शुभेच्छा' नव्हे.

संवत्सरीला जैन मित्र 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाला तर 'थँक्यू' म्हणू नका. ते प्राकृत आहे, संस्कृतात 'मिथ्या मे दुष्कृतम्', माझ्या हातून झालेलं वाईट निष्फळ होवो. तो क्षमा मागतोय. उत्तरात तेच शब्द म्हणायचे, म्हणजे आपणही मागितली.

——

मी इतकी वर्षं 'तुम्हालाही' म्हणत होते. यंदा नीट म्हणेन. अजून एक, गोराईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या ख्रिस्ती, मैत्रिणीला 'नाताळच्या शुभेच्छा' चालेल ना?

——

चालेल काय, आवडेल! नाताळ हा पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला, मुळात जन्माशी जोडलेला शब्द. तिच्या घरीही मराठीच बोलत असतील.