'प्रश्न न विचारता परत'चा शब्द कंपनीचा, मग भुर्दंड चप्पल शिवणाऱ्याला का?

सुभाषनगरची_सून:
नमस्कार मंडळी. घरचा धंदा कोल्हापुरी चपलेचा, सासरे आणि दीर हातानं शिवतात, ऑनलाइनचं सगळं मी बघते. मध्ये एका गिऱ्हाइकानं कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) जोड मागवला, मनसोक्त घातला, तळाला डांबर, अंगठा मळलेला, आणि रिटर्नला कारण काय तर "साइज बसला नाही". ज्या वेबसाइटवर आम्ही विकतो त्या कंपनीनं त्याला लगेच पैसे दिले, ते आमच्या हिशोबातनं कापले, वर येण्याजाण्याचं कुरिअर पण आमच्याच नावावर. क्लेम टाकला, फोटो लावले, तर उत्तर आलं पुरावा अपुरा. आता तो जोड नवा म्हणून विकता येत नाही, कातडं एकदा पायाला बसलं की बसलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की माल खराब निघाला तर विकणाऱ्यानं पैसे द्यावेत, शंभर टक्के. पण "आवडलं नाही तरी परत करा" हे आमिष कंपनी स्वतःच्या जाहिरातीत दाखवते, त्याच्यावर गिऱ्हाईक खेचते, प्रत्येक विक्रीवर कमिशन घेते, मग त्या आमिषाचा खर्च तिनं सोसावा की. आम्ही का?

राजारामपुरी_७वी_गल्ली:
ताई, पटलं नाही. तुम्ही करार वाचूनच तिथं दुकान लावलंय ना? देशभरचं गिऱ्हाईक पाहिजे आणि रिटर्न नको, असं कसं चालंल. दुकानात आपण चप्पल पायात घालून चार पावलं चालून बघतो, मग पैसे देतो. ऑनलाइनला फोटोवर भरवसा ठेवून आधी पैसे द्यायचे. मग परत करायची सोय हीच एक आमच्या हातात राहते, ती पण काढून घेणार का?

आणि माझं ऐका. आईसाठी "अस्सल कोल्हापुरी लेदर" म्हणून मागवली, आली ती रेक्झिनची. कोल्हापुरात बसून नकली कोल्हापुरी! रिटर्न टाकला तर म्हणे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दाखवा. घरात कुरिअर आलं की कोण कॅमेरा लावून बसतं ओ? पैसे अजून अडकलेत.

पंचगंगाकाठचा:
+१. विकणारे पण काय कमी नाहीत. फोटोत एक, खोक्यात दुसरंच.

सुभाषनगरची_सून:
दादा, तुमच्या आईंना आली ती फसवणूकच आहे, त्यात दोन मतं नाहीत, आणि त्या रेक्झिनवाल्यांमुळं सगळ्यात जास्त आम्हीच मार खातोय. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण त्या वेबसाइटवर "कोल्हापुरी" टाकून बघा, काय काय निघतं. पण एक बघा की, खरी तक्रार होती तुमची आणि तुम्हाला व्हिडिओ मागितला, माझ्या गिऱ्हाइकाला काहीच विचारलं नाही. दोन्हीकडं निकाल कुणी दिला? कंपनीनं. दोन्हीकडं तिच्या खिशातलं काय गेलं? काहीच नाही.

कसबा_बावडा_वकील:
कायद्यात काय आहे ते सांगतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जाताहेत. २०२० चे ई-कॉमर्स नियम म्हणतात की माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही (उशीर महापुरासारख्या हाताबाहेरच्या कारणानं झाला असेल तर गोष्ट वेगळी). "मन बदललं" हे कारण त्यात नाही. ते कंपनीचं स्वतःचं धोरण. त्यामुळं ताईंचा मुद्दा बरोबर आहे.

राजारामपुरीवाले, तुमचं प्रकरण मात्र थेट नियमात बसतं. "अस्सल लेदर" लिहून रेक्झिन दिलं. व्हिडिओ पाहिजेच असं नियमात कुठंही नाही, लिस्टिंगचा (वेबसाइटवर मालाची माहिती असते त्या पानाचा) स्क्रीनशॉट, बिल आणि आलेल्या मालाचे फोटो जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार टाका, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नाही झालं तर १९१५ नंबरची ग्राहक हेल्पलाइन, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता तिथं म्हणजे कोल्हापुरातच करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं.

महाद्वाररोड_दुकानदार:
म्हणून सांगतोय, दुकानात या. बघा, घाला, घासाघीस करा, न्या. आमच्याकडं असली भानगडच नाही.

पंचगंगाकाठचा:
काका, पण तुमच्याच रोडवर बिलावर छापलेलं असतंय "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". त्याचं काय?

कसबा_बावडा_वकील:
ते छापलं तरी उपयोग नाही. खराब माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार दिला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकान असो नाहीतर ऑनलाइन.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
वकीलसाहेब, धन्यवाद, आजच तक्रार टाकतो. पण ताई, तुमच्या मुख्य मुद्द्यावर मी अजून तिथंच आहे. साइज न बसणं म्हणजे दर वेळी मन बदलणं नव्हे. प्रत्येक कारागिराचं माप वेगळं, एकाची ८ दुसऱ्याची ७. तुम्ही पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहिता का? नवी चप्पल घट्टच असते, तेल लावून दोनचार दिवस घातली की सैल पडते, हे आपल्याला माहीत, गुवाहाटीच्या माणसाला कोण सांगणार? ते लिहायचं काम विकणाऱ्याचं, आणि लिहिलं नाही तर रिटर्नचा खर्च पण त्याचाच.

सुभाषनगरची_सून:
लिहितो की, सेंटीमीटर पण लिहितो, तेलाचं पण लिहितो, पाण्यात भिजवू नका हे सुद्धा. मापात आमची चूक असंल तर खर्च आमचा, घातली नसंल तोवर. पण डांबर लागलेली चप्पल ही मापाची तक्रार कशी ओ? परत आलेला जोड गोडाऊनला उघडून बघायचा आणि मग पैसे सोडायचे, एवढं तरी कंपनीनं करावं. ती म्हणते आम्ही फक्त मध्यस्थ. मध्यस्थ दोघांचं ऐकून घेतो. इथं पैसे तिच्याकडं, निकाल तिचा, आणि विक्रेत्यानं भांडायचं म्हटलं तर करारात कोर्ट कुठल्या तरी लांबच्या शहरातलं. गिऱ्हाइकाला निदान कोल्हापुरात दाद मागता येते, सासऱ्यांनी कुठं जायचं?

महाद्वाररोड_दुकानदार:
पोरी, हे मात्र खरं बोललीस. पॅक करताना तळाचा आणि शिवणीचा फोटो तारखेसकट काढत जा, आणि तळाला टॅग शिवून "टॅग काढल्यास परत नाही" असं लिस्टिंगमध्ये टाक. आमच्या पुतण्यानं साड्यांना तसंच सुरू केलंय, क्लेम निदान ऐकून तरी घेतात.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
टॅगला माझी काहीच हरकत नाही, खरं घेणाऱ्याला त्याचा त्रास नाही. उघडून तपासण्याबद्दल पण ठीक आहे, फक्त त्या नावाखाली पैसे महिनाभर अडवले नाही पाहिजेत.