‘विझर्ड’ला मराठीत काय म्हणावे : जादूगार, मांत्रिक की आणखी काही?

प्रश्न

माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे. छापील इंग्रजी ती सावकाश वाचते, पण कानावर पडणारे अमेरिकी इंग्रजी तिला उमगत नाही. तिच्यासाठी मी ‘द ड्रेस्डेन फाइल्स’ या मालिकेच्या बाराही भागांचे मराठी सारांश लिहायला घेतले आहेत, म्हणजे भाग लावण्याआधी ती कथानक वाचून घेऊ शकेल. ही मालिका २००७ साली अमेरिकेत प्रसारित झाली आणि ती जिम बुचर यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली आहे. हॅरी ड्रेस्डेन नावाचा नायक शिकागोत राहतो, स्वतःला ‘विझर्ड’ म्हणवतो, आणि ज्या गुन्ह्यांपुढे पोलिसांचा नेहमीचा तपास थांबतो त्या गुन्ह्यांत मर्फी नावाच्या महिला अधिकाऱ्याला मदत करतो.

अडचण पहिल्याच वाक्यात आली. ‘हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला एक मांत्रिक आहे’ असे मी लिहिले होते. आईने ते वाचले, चष्मा काढून हातात धरला आणि विचारले, “हा पैसे किती घेतो?” मी शब्द बदलून ‘जादूगार’ केला, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्या रघुवीरांसारखा का?” तिच्या पिढीच्या पुणेकरांना जादूगार म्हटले की जादूगार रघुवीर आठवतात, रंगमंच आठवतो आणि हातचलाखी आठवते, त्यामुळे तिचा प्रश्न अगदी रास्त होता. या माणसाच्या जादूत मात्र हातचलाखी नाही. तो मालिकेत छडी म्हणून ड्रम वाजवायची काडी आणि दंड म्हणून हॉकीची काठी वापरतो, पण त्याच्या मंत्राने आग खरोखर लागते.

‘गुप्तहेर’ या शब्दाबद्दलही मला शंका आहे. ‘जादूगार गुप्तहेर’ असे लिहिले तर तो कर्मधारय समास समजायचा की तत्पुरुष, म्हणजे जादूगार असलेला हेर की जादूगारांवर पाळत ठेवणारा हेर, हे वाचणाऱ्याला कसे कळावे? आणि तो ज्यांचा छडा लावतो त्या गुन्ह्यांना कोणते विशेषण लावावे? ‘अलौकिक गुन्हे’ लिहून पाहिले, तर ते गुन्ह्याचे कौतुक केल्यासारखे वाटले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण विचारलेले तिन्ही शब्द एकमेकांत अडकलेले आहेत, पण पहिला सुटला की बाकीचे सोपे होतील असे वाटते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

‘जादू’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे मूळ अवेस्तेतल्या ‘यातु’ या शब्दात आहे आणि ऋग्वेदातला ‘यातु’ हा त्याचा सख्खा भाऊ. ‘यातुधान’ म्हणजे दुष्ट जादू करणारा राक्षस, हा त्यातूनच झालेला शब्द. म्हणजे मुळात हा शब्द भीतीचा होता. मराठीत ‘कामगार’ आणि ‘गुन्हेगार’ यांच्या पंक्तीत ‘जादूगार’ बसला आणि करमणुकीचा धंदा करणाऱ्याला चिकटला, तेव्हा ती भीती पार निघून गेली. ती सगळी ‘जादूटोणा’ या जोडशब्दाच्या वाट्याला आली. ‘गारुडी’ या शब्दाचेही असेच झाले. गारुडी हा मुळात गरुडाचे मंत्र म्हणून सापाचे विष उतरवणारा, आणि आज तो टोपलीतला साप दाखवणारा राहिला आहे. जी विद्या लोकांना दाखवण्यासाठी वापरली जाते तिच्यातला धाक मराठीत टिकत नाही, असे मला या दोन उदाहरणांवरून दिसते.

‘मांत्रिक’, ‘पंचाक्षरी’, ‘देवऋषी’, ‘भगत’ या शब्दांत धाक टिकला, कारण या माणसांकडे लोक खेळ पाहायला न जाता संकटात सापडल्यावर जातात. त्यांतही भेद आहेत. पंचाक्षरी हा प्रामुख्याने अंगातले भूत काढणारा. शिवाच्या पाच अक्षरी मंत्रावरून त्याला नाव मिळाले. देवऋषी कौल लावून, कधी अंगात आणून, बाहेरची बाधा आहे का ते सांगतो. भगत हा कोकणातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या लोकांचा. या तिघांचेही बळ देवाकडून किंवा देवतेकडून आलेले असते, आणि ड्रेस्डेनचे बळ तसे नाही. ते त्याच्या शिक्षणाचे आणि अंगभूत शक्तीचे आहे. ‘मांत्रिक’ या शब्दात कोणत्याही देवाचे नाव नाही, केवळ मंत्र जाणणे आहे; म्हणून चौघांत तोच सर्वांत जवळचा ठरतो.

इंग्रजी शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे. ‘विझर्ड’ हा ‘वाइज’पासून झालेला, म्हणजे अर्थाने शहाणा माणूस. हिंदीत नेमका हाच प्रवास झालेला आहे. तिथे ‘सयाना’ म्हणजे समंजस आणि ‘सयाना’ म्हणजेच झाडफूक करणारा. आपला ‘शहाणा’ आणि त्यांचा ‘सयाना’ हे दोन्ही ‘सज्ञान’पासून आलेले सख्खे शब्द आहेत, पण मराठी शहाण्याने भुतांच्या वाटेला जायचे नाकारले. ‘जाणता’ हा शब्द मला क्षणभर योग्य वाटला होता, परंतु रामदासांच्या ‘जाणता राजा’नंतर तो शब्द ऐकताच मराठी मनात एकच मूर्ती उभी राहते आणि ती हलवण्याची माझी तरी इच्छा नाही. नारायण धारप यांनी अघोरी शक्तींशी झुंजणाऱ्या आपल्या नायकाला ‘समर्थ’ म्हटले, जादूगारही म्हटले नाही आणि मांत्रिकही म्हटले नाही, याचा अर्थ त्यांनाही हा पेच पडला असावा. पण ‘समर्थ’ हे आदराचे संबोधन आहे, व्यवसायाचे नाव नाही. आपल्या नायकाला तर व्यवसायाचे नाव हवे आहे.

ते का हवे, हे मूळ कादंबरीच्या आरंभीच दिसते. ड्रेस्डेनच्या दारावर त्याचे नाव आणि खाली ‘विझर्ड’ एवढीच पाटी आहे, आणि पत्रे टाकायला आलेला नवा पोस्टमन ती वाचून ही थट्टा आहे का असे विचारतो. टेलिफोनच्या डिरेक्टरीतही त्याची जाहिरात आहे आणि तिच्यात तो काय करणार नाही हेही सांगितलेले आहे: प्रेमात पाडण्याची औषधे मिळणार नाहीत आणि समारंभांत करमणूक केली जाणार नाही. आपल्या दोन्ही शब्दांचे उत्तर या दोन नकारांत आहे. वशीकरणवाला वेगळा आणि करमणूक करणारा वेगळा, आपण दोन्ही नव्हे, असे त्याला स्वतःलाच बजावून सांगावे लागते, कारण इंग्रजीतही त्याचा शब्द दोन्हीकडून ओढला जातो.

म्हणून माझे मत स्पष्टपणे ‘मांत्रिक’च्या बाजूचे आहे. आपल्या मातोश्रींनी “पैसे किती घेतो?” असे विचारले तेव्हा शब्द फसला असे आपल्याला वाटले, पण मला तो तिथेच बरोबर बसलेला दिसतो. पायऱ्या चढून त्याच्याकडे येणारे गिऱ्हाईक याच संशयाने येते. ‘सिद्ध’ किंवा ‘महायोगी’ असा भारदस्त शब्द घातला तर तो संशय नाहीसा होईल, आणि त्या संशयाशी चाललेला त्याचा रोजचा झगडाही वाचकाला कळणार नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे, तरी पुण्यात बसून हा शब्द लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची ओंकारेश्वराजवळच्या पुलावर हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो त्याच वर्षी झाला. त्या कायद्याच्या लांबलचक नावातच ‘अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा’ हे शब्द आहेत. म्हणून या मालिकेच्या सारांशात ‘जादूटोणा’ आणि ‘अघोरी’ हे शब्द नायकाच्या विद्येसाठी कधीही वापरू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते खलपात्रांसाठी राखून ठेवावेत. लोकांना नाडणाऱ्याला आपल्या भाषेत ‘भोंदू’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो असल्यामुळेच ‘मांत्रिक’ हा शब्द कल्पित कथेपुरता वापरायला थोडी मोकळीक राहते.

गुन्ह्यांच्या विशेषणाबद्दल सांगायचे तर, ‘अमानुष’ आणि ‘पैशाचिक’ हे दोन्ही शब्द टाळावेत. संस्कृतात अमानुष म्हणजे जे माणसाचे नाही ते, पण मराठीत अमानुष मारहाण असते आणि ती माणूसच करतो. वर सांगितलेल्या कायद्याच्या नावातला अर्थही क्रूर असाच आहे. ‘अतींद्रिय’ हा शब्द अनुभवाला लागतो, गुन्ह्याला लागत नाही. ‘भुताटकी’ हा घरचा आणि चांगला शब्द आहे, परंतु या मालिकेत रक्तपिपासू पिशाच्चे आणि लांडग्याचे रूप घेणारी माणसेही आहेत, ती भुताटकीत मावत नाहीत. मी ‘अमानवी’ सुचवतो. त्यात कौतुक नाही आणि क्रौर्याचा अर्थही अजून त्याला पुरता चिकटलेला नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पाटीचा मुद्दा मला फार उपयोगी पडला, कारण पाटी वाचून माणसाची परीक्षा करण्याची सवय आपल्या शहराला आहेच. लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यापाशी, वकील आणि दंतवैद्य यांच्या पाट्यांच्या खाली ‘हॅरी ड्रेस्डेन, जादूगार’ अशी पाटी मी मनात लावून पाहिली, तर वाढदिवसाच्या कार्यक्रमाची चौकशी करायला लोक वर येतील असे वाटले. ‘हॅरी ड्रेस्डेन, मांत्रिक’ अशी पाटी लावून पाहिली, तर येणारा-जाणारा थबकेल, पुन्हा वाचेल आणि मग एखादाच, फार अडलेला, जिना चढेल. तो पोस्टमन थबकला तो असाच. ‘मांत्रिक’ कायम केला.

याच कसोटीवर ‘गुप्तहेर’ मात्र टिकला नाही. ज्याने स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि डिरेक्टरीत जाहिरात दिली, त्याच्यात गुप्त असे काय राहिले? शिवाय आपल्या कानाला हेर हा बहिर्जी नाईकांसारखा, वेश बदलून शत्रूच्या मुलखात फिरणारा असतो. ड्रेस्डेन वेश बदलत नाही. तो घटनास्थळी बोलावल्यावर येतो, पाहतो आणि अर्थ सांगतो. पोलिसांच्या कागदपत्रांत ‘तपासी अंमलदार’ हा शब्द असतो, तो मर्फीसाठी घेतला आहे, आणि ड्रेस्डेनला ‘पोलिसांचा सल्लागार’ म्हटले आहे. त्यामुळे समासाचा पेचही आपोआप मिटला. ‘अमानवी’ही स्वीकारला.

एक शब्द अजून उरला होता. या कथाविश्वात जादूचे कायदे आहेत. जादूने माणसाचा जीव घेणे हा त्यांतला सर्वांत मोठा गुन्हा, आणि कायदा मोडणाऱ्याला ‘वॉरलॉक’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच वचन मोडणारा असा होता, म्हणून ‘दुष्ट मांत्रिक’ लिहिणे मला अपुरे वाटत होते. त्यात दुष्टपणा येतो, पण मोडलेले वचन येत नाही. गीतेत योगापासून ढळलेल्याला ‘योगभ्रष्ट’ म्हटले आहे. त्या धर्तीवर ‘मंत्रभ्रष्ट’ असा शब्द मी केला आहे. नायकाच्या घरात कवटीला जखडलेला बॉब नावाचा जो आत्मा आहे, तो जिवंतपणी काळी विद्या वापरल्याची शिक्षा भोगत असतो, त्यामुळे हा शब्द दुसऱ्याच वाक्यात लागणार होता.

आता सारांशाचा आरंभ असा झाला आहे: ‘हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला मांत्रिक. वशीकरण करत नाही, प्रयोग लावत नाही. ज्या अमानवी गुन्ह्यांचा पोलिसांना उलगडा होत नाही त्यांत तो त्यांचा सल्लागार असतो. त्याच्या घरातल्या कवटीत एका मंत्रभ्रष्टाचा आत्मा शिक्षा भोगतो आहे.’ काल संध्याकाळी आईला हा कागद दिला. तिने तो दोनदा वाचला, ‘मंत्रभ्रष्ट’ या शब्दावर बोट ठेवले आणि त्याने कोणते पाप केले होते ते विचारले. पैशांबद्दल या वेळी तिने काही विचारले नाही.