मदत हवी आहे: पाइप वेल्डला यूटी (अल्ट्रासाउंड तपासणी) की आरटी (एक्स-रे/गॅमा किरणांची तपासणी)? (तातडीचे)

पाइपकर: ६ इंची लाइन, जॉइंट बरेच. आरटी म्हटलं की आजूबाजूचा परिसर रिकामा करा, बाकीच्यांचं काम बंद. यूटीवर भागेल का? हो की नाही एवढंच सांगा, आजच कळवायचंय.

प्रोबवाला: ६ इंचीवरून काय कळणार? जाडी किती, मटेरियल कोणतं, वेल्डिंग कसलं?

गॅमा१९२: आरटीच करा. फिल्म हातात राहते. यूटीत ऑपरेटर म्हणेल ती पूर्व दिशा.

प्रोबवाला: गॅमाशेठ, अनेक स्फटिकांच्या यूटी प्रोबला, म्हणजे फेज्ड अ‍ॅरेला एन्कोडर (प्रोबची जागा नोंदवणारा) लावला की सगळा डेटा साठवता येतो. आणि साइडवॉलचं लॅक ऑफ फ्युजन (कडेला धातू न जुळणं) किरणांच्या रेषेत नसेल तर तुमच्या फिल्मवर उमटतही नाही.

गॅमा१९२: आणि बारीक पोरॉसिटी (वायूची छिद्रं) यूटीवर दाखवता का? कशाला बोलायला लावता!

निवांत: हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाब) मारा, गळलं तर कळेलच.

प्रोबवाला: गळती कळेल, आतली चीर नाही. ते विचारलंय कुणी?

पाइपकर: भांडू नका हो. शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा वर्ग), सीएस (कार्बन स्टील). रूट म्हणजे तळाचा थर टिग वेल्डिंगचा, वर स्टिक वेल्डिंग. जास्त करून एल्बो (वळणाचा तुकडा) आणि फ्लँज (बोल्टची चकती) यांचे जॉइंट.

प्रोबवाला: म्हणजे ७.११ मिमी. यूटीला पातळच, पण लहान प्रोब आणि त्याच जाडीचा कॅलिब्रेशन ब्लॉक (यंत्र जुळवायचा नमुना) असेल तर जमतं. एसएस (स्टेनलेस स्टील) असतं तर नकोच म्हटलं असतं, वेल्डमधले मोठे ग्रेन (धातूचे कण) सिग्नल विखरून टाकतात.

वेल्डवेडा: अहो, एल्बो-फ्लँज म्हणतायत ते! फ्लँजच्या बाजूने प्रोब फिरवायला जागाच नसते, एल्बोच्या आतल्या वळणावर तो धड टेकत नाही. ते जॉइंट आरटीला द्या, सरळ पाइप-पाइप यूटीला.

गॅमा१९२: +१. सेलेनियम-७५ (गॅमा किरणांचा स्रोत) मागवा. दोन्ही भिंती धरून १४ मिमीच होतात, नेहमीच्या इरिडियम स्रोतावर फिल्मचा कॉन्ट्रास्ट मार खातो.

नवशिक्या: अवांतर: लेव्हल २ (तपासनीसाची पात्रता) आधी यूटीची करावी की आरटीची?

गॅमा१९२: आरटी. पण वेगळा धागा काढा.

वेल्डवेडा: पाइपकर, कोड कोणता ते राहिलंच.

पाइपकर: बी३१.३ (प्रोसेस पाइपिंगचा एएसएमई कोड), नॉर्मल फ्लुइड (त्यातला सर्वसाधारण सेवेचा वर्ग). क्लायंटच्या स्पेकमध्ये (कामाच्या लेखी अटींत) '१०% रेडिओग्राफी', म्हणजे आरटी, आहे.

प्रोबवाला: हे आता सांगताय?! कोडला ५% रँडम आरटी किंवा यूटी, दोन्ही चालतं. पण स्पेकमध्ये रेडिओग्राफी आहे म्हटल्यावर निवड तुमच्या हातात नाही. यूटीची प्रोसिजर जोडून क्लायंटकडून लेखी मंजुरी घ्या.

पाइपकर: तोंडी चालेल ना? त्यांचा माणूस साइटवरच आहे.

वेल्डवेडा: नाही.