‘ग्राह्य’ धरलं म्हणजे नेमकं काय केलं?

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका दाव्यात, नवऱ्याने बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेले फोनवरचे संवाद पुरावा म्हणून ग्राह्य असल्याचं सांगितलं. बातमी वाचून आमच्याकडे वाद पेटला. बहीण म्हणते, ‘ग्राह्य’ म्हणजे कोर्टाने ते खरं मानलं. मला तसं वाटत नाही. जाणकारांनी सांगावं.

—

तुमचं बरोबर आहे. ग्राह्य म्हणजे घेण्याजोगं, एवढंच. घोळ होतो तो ‘धरणे’मुळे. ‘गृहीत’ आणि ‘ग्राह्य’ दोन्ही ‘ग्रह्’ धातूचेच, आणि मराठीत दोघांनाही ‘धरणे’ लागतं. ‘गृहीत धरलं’ म्हणजे खरं समजून पुढे गेलो. तीच छटा नकळत ‘ग्राह्य धरलं’ला चिकटते. कोर्टात मात्र ग्राह्य ठरलेली ध्वनिफीत फक्त उंबरठा ओलांडते. तिच्यावर निशाणी (कोर्टाने दिलेला पुराव्याचा क्रमांक) पडली तरी उलटतपास व्हायचा असतो आणि शेवटी ती फेटाळलीही जाऊ शकते. तिथून ‘शाबीत’पर्यंतची वाट लांब आहे.

मलकानी खटल्यात (१९७२) हे छान दिसतं. मुंबईच्या कॉरोनरवर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाच मागितल्याचा आरोप होता. पोलिसांनी एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता. सर्वोच्च न्यायालयाने फीत ग्राह्य ठरवली, पण कसोट्या घातल्या: बोलणं खटल्याशी संबंधित हवं, आवाज ओळखता यायला हवा, आणि फितीत खाडाखोड झालेली नाही याची खात्री हवी. फीत कशी मिळवली, हा प्रश्न वेगळा.

—

वर ‘नकळत’ लिहिलंय ते आवडलं. ‘चोरून रेकॉर्ड केलं’ म्हटलं की रेकॉर्ड करणारा आधीच चोर ठरतो! संभाषणातल्याच एकाने केलं तर ते रेकॉर्डिंग. तिऱ्हाइताने तार जोडून ऐकलं तर टॅपिंग, आणि त्याला १८८५चा तार कायदा आल्यापासून वेगळे नियम आहेत. पेपरवाले दोन्हींना सर्रास ‘टॅपिंग’ म्हणतात.

—

मलकानीतही हाच मुद्दा निघाला होता. डॉक्टरची संमती असल्याने तार कायद्याचा भंग झालेला नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

—

थोडं अवांतर. १८७२चा पुरावा कायदा गेला आणि १ जुलै २०२४पासून ‘भारतीय साक्ष्य अधिनियम’ लागू झाला. हिंदीत साक्ष्य म्हणजे कुठलाही पुरावा. मराठी माणसाला ‘साक्ष’ म्हटलं की पिंजऱ्यात उभा राहून बोलणारा साक्षीदारच दिसतो. मोबाइलमधली फाइल कसली साक्ष देणार? तिच्यासाठी तर वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या खोतकर खटल्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अनिवार्य ठरवलं. मूळ उपकरणच कोर्टात आणून सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी.

—

मग बातमीत ‘ग्राह्य’ऐवजी ‘पुराव्यात घेता येईल’ लिहिलं तर?

—

चालेल की. आमच्या तालुक्याच्या कोर्टात जुने वकील ‘पुराव्यात वाचता येईल’ म्हणतात. ध्वनिफितीलासुद्धा.

—

ऐकायची गोष्ट वाचायची! बहिणीला हे सांगितलं तर ती आणखी एक वाद काढेल.