मदत हवी आहे: वॉशिंग्टन यांचं मृत्युपत्र आणि मार्थाचा हिस्सा

नमस्कार मंडळी, जॉर्ज वॉशिंग्टन यांचं जुलै १७९९ चं मृत्युपत्र वाचतेय. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना पत्नी मार्थाच्या पश्चात मुक्त करावं, म्हाताऱ्यांच्या अन्नवस्त्राची सोय करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण मार्थाचे पहिले पती डॅनियल कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करताच गेले. त्यांच्या इस्टेटीतला तिसरा हिस्सा तिला मिळाला तो फक्त हयातीपुरता, त्यामुळे त्यातल्या गुलामांना वॉशिंग्टन सोडू शकले नाहीत. गुलामांतल्या जोडप्यांत कुठे नवरा वॉशिंग्टन यांच्याकडचा, बायको कस्टिस इस्टेटीतली; एक सुटला, दुसरी अडकली! फार जिव्हारी लागलं. १८०२ मध्ये मार्था वारल्यावर ही माणसं कस्टिसांच्या चार नातवंडांत वाटली गेली. त्या वाटणीची नावनिशीवार यादी कुठे वाचायला मिळेल? वॉशिंग्टन यांच्या व्हर्जिनिया राज्याच्या वारसा कायद्याचा अभ्यास असलेल्या कुणी कृपया सांगाल का?