शाळेत शेअर मार्केटचा खेळ घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?

द्राक्षवाले_सर
नमस्कार मंडळी. तासगाव भागातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवतो. दहावीच्या गणित भाग १ मध्ये अर्थनियोजन हा धडा आहे, त्यात जीएसटी, दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड सगळं आहे पण पोरं सूत्र पाठ करतात, उत्तर काढतात आणि शेअर म्हणजे नक्की काय ते विचारलं की खाली बघतात. म्हणून डोक्यात आलंय की नववी-दहावीला मिळून व्हर्च्युअल ट्रेडिंगचा खेळ घ्यावा, प्रत्येक गटाला खोटे १ लाख रुपये आणि टर्मच्या शेवटी हिशोब. एक ॲप सापडलं पण ते प्रत्येकाचा मोबाईल नंबर मागतं आणि पन्नास रुपये भरून स्पर्धा, वर रोख बक्षीस. मुख्याध्यापक म्हणतात कायद्यात बसतं का ते आधी बघा. एका पालकांनी तर ऐकूनच सुनावलं, "सर, पोरांना सट्टा शिकवू नका." कोणी शाळेत असं काही केलंय का? लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर मोजकेच आहेत आणि नेट मर्जीने चालतं, ते धरून सांगा.

निवृत्त_बँकवाला
सर ते ॲप आजच काढून टाका. पैसे भरून खेळायचं आणि जिंकलं तर रोख, हे आता २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याच्या कचाट्यात येतं, आणि शेअरच्या भावावर चालणाऱ्या असल्या व्हर्च्युअल ट्रेडिंग, पेपर ट्रेडिंगच्या प्लॅटफॉर्मबद्दल सेबीने (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांना जाहीर सावध केलंय, त्याआधी २०१६ मध्येही केलं होतं. दुसरं म्हणजे लाइव्ह भावाचा हट्ट सोडा. मे २०२४ च्या सर्क्युलरमध्ये सेबीने सांगितलंय की एक्स्चेंजनी, म्हणजे शेअर बाजारांनी, रिअल टाइम भाव असल्या खेळांना द्यायचे नाहीत, शिक्षणासाठी द्यायचे तर उशिराने आणि भाग घेणाऱ्याला पैशाचं आमिष नको. किती उशिराने याचे नियम नंतर बदलत गेलेत, ताजं सर्क्युलर सेबीच्या साइटवर बघून प्रिंट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा, त्यांचं समाधान होईल. तसंही बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे तुमची शाळा भरलेली असतानाच. पोरं तासाला मोबाईल बघत बसणार का?

नाशिकची_ताई
सर आमच्याकडे दोन टर्म घेतला, मी वाणिज्य शिकवते. आम्ही आजचा बाजार घेतलाच नाही, जुना घेतला. जानेवारी ते डिसेंबर २०२०. एक तास म्हणजे बाजाराचा एक आठवडा. एनएसई या शेअर बाजाराच्या साइटवर रोजची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची फाइल, मिळते, त्यातले शुक्रवारचे बंद भाव शीटमध्ये भरले आणि कंपन्यांची नावं काढून टाकली. फक्त "कंपनी क, औषधं बनवते, कर्ज नाही", "कंपनी ड, बँक आहे" एवढीच ओळख. तारखाही लपवायच्या, नाहीतर लॉकडाऊन म्हटलं की पोरं लगेच ओळखतात.

मजा मार्चच्या आठवड्यात येते. सेन्सेक्स जानेवारीत ४२ हजाराला टेकला होता तो २३ मार्चला एका दिवसात ३९३४ अंकांनी पडून २५,९८१ वर आला, आणि वर्षअखेर पुन्हा ४७ हजाराच्या वर. त्या तासाला वर्गात जो गोंधळ झाला तो विचारू नका. मुलांच्या एका गटाने घाबरून सगळं विकलं. शेजारच्या मुलींच्या गटाने एकही शेअर हलवला नाही, का विचारलं तर वहीत लिहिलेलं दाखवलं, "साबण आणि बिस्कीट लोक संकटातपण घेतात." ही वही फार महत्त्वाची सर. प्रत्येक खरेदी-विक्रीला एक ओळ कारण लिहायचं, कारण नाही तर सौदा नाही. नेटचं म्हणाल तर लागतच नाही, भावाचा कागद मी फळ्याशेजारी चिकटवायचे आणि गट वहीतच हिशोब करायचे.

एक सांभाळा, भावकॉपीत बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) ॲडजस्ट केलेले नसतात. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला त्या दिवशी शेअर दुप्पट होतात म्हणून भाव सरळ निम्मा दिसतो, पोरं बोंबलतात की आमचे पैसे बुडाले. मी तर आता मुद्दाम असं एक उदाहरण घालते, त्याच्यावरच एक तास जातो.

जर्सीतला_पुणेकर
इथे अमेरिकेत १९७७ पासून स्टॉक मार्केट गेम नावाचा कार्यक्रम शाळांमध्ये चालतो, माझी मुलगी खेळली. एका गटाला खोटे १ लाख डॉलर. पण सगळ्यात जास्त परतावा त्याला पहिला नंबर असं ठेवलं की हुशार पोरं काय करतात ठाऊक आहे का, सगळे पैसे एकाच उड्या मारणाऱ्या शेअरमध्ये टाकतात, कारण खोट्या पैशात शेवटचा आलास काय आणि मधला आलास काय, सारखंच. हिच्या वर्गात जिंकलेल्या गटाने नेमकं तेच केलं होतं आणि विचारल्यावर त्यांना त्या कंपनीचा धंदा काय तेही सांगता आलं नाही. म्हणजे ज्या सट्ट्याला पालक घाबरतात तो खेळाचे गुण देण्याच्या पद्धतीतूनच येतो. त्या कार्यक्रमात निबंधाची वेगळी स्पर्धा असते ती मला जास्त आवडली. तुम्ही ताईंच्या वहीला निम्म्याहून जास्त गुण ठेवा, आणि एका कंपनीत पाव भागापेक्षा जास्त पैसे लावायचे नाहीत असा नियम करा.

निवृत्त_बँकवाला
बरोबर. आणि दलाली, एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर) कापायला विसरू नका. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवला तर, खरेदीला ०.१ टक्का आणि विक्रीलाही तेवढाच एसटीटी जातो. रोज उलाढाल करणाऱ्या गटाचा हिशोब त्यातच खाली येतो, आणि तुमच्या धड्यातली शेकडेवारी आपोआप होते. त्या पालकांना सेबीचाच सप्टेंबर २०२४ चा आकडा सांगा, फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, तीन वर्षांत ९३ टक्के लोकांनी पैसे घालवले. म्हणावं आम्ही पोरांना हेच दाखवतोय, अठरा वर्षांचे झाल्यावर रील बघून शिकण्यापेक्षा बरं. एनआयएसएम (सेबीची प्रशिक्षण संस्था) आणि एनसीएफई (राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र) यांचे शाळेसाठीचे कार्यक्रम आहेत तेही बघा, एनसीएफईची परीक्षा सहावी ते बारावीसाठी असते.

द्राक्षवाले_सर
ताई, २०२० ची आयडिया एकदम आवडली, उद्या मुख्याध्यापकांना सांगतो. आमच्या पोरांना एक फायदा आहे, बेदाण्याचे सौदे लहानपणापासून बघतात त्यामुळे भाव कोण ठरवतो ते समजावायला लागणार नाही, उलट परवा एकाने विचारलं की सर शेअरमध्ये तूट (बेदाण्याच्या वजनात कापतात ती) धरतात का 😄 म्हटलं दलाली आणि एसटीटी आहे की. रोख बक्षीस नाहीच, वहीला साठ आणि परताव्याला चाळीस गुण असं ठरवतोय. एकच शंका, डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून वाटते तो लाभांश) धरायचा का?

नाशिकची_ताई
पहिल्या वर्षी नको सर, हिशोब तपासताना तुमचा रविवार जाईल. आणि कंपन्या आठ-दहाच ठेवा. शीट झाली की इथे टाका, मला बँकांची नवीन उदाहरणं हवीच आहेत.