‘व्हर्च्युअल मशीन’ : आभासी यंत्र की मानीव यंत्र?

‘व्हर्च्युअल मशीन’साठी, म्हणजे स्वतः यंत्र असल्यासारखी सूचना पाळणाऱ्या संगणक-आज्ञावलीसाठी, मराठीत ‘आभासी यंत्र’ हा प्रतिशब्द वापरला जातो. मला तो सदोष वाटतो. शाळेत आपण आरशातल्या प्रतिमेला आभासी म्हणतो, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. मृगजळ हाही आभासच. आभास दिसतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. जावा या संगणकभाषेचे असे यंत्र दिसत नाही आणि काम मात्र चोख करते, म्हणजे गोष्ट नेमकी उलटी आहे.

जायथनचे उदाहरण पाहावे. जिम ह्युगनिन यांनी १९९७ मध्ये ‘जेपायथन’ या नावाने सुरू केलेले हे पायथन या संगणकभाषेचे जावाच्या यंत्रावर चालणारे रूप आहे. त्यात पायथनची एखादी फाईल आयात केली की तिच्या शेजारी, नावात डॉलरचे चिन्ह असलेली एक क्लास फाईल तयार होते. तिच्यातला बाइटकोड, म्हणजे जावाच्या यंत्राला कळणाऱ्या सूचना, मूळ कोणत्या भाषेतून आला, याच्याशी यंत्राला कर्तव्य नसते. ‘अ + ब’ एवढेच लिहिले, तर जावात दोन्हींचे प्रकार आधीच ठरलेले असल्यामुळे पूर्णांकांसाठी बेरजेची एकच सूचना पुरते. पायथनमध्ये मात्र ते आकडे आहेत की अक्षरमाला हे आज्ञावली चालू असतानाच कळते, म्हणून जायथन त्या जागी स्वतःच्या बेरीज-पद्धतीला हाक घालते. अशा भाषांची ही अडचण ओळखून २०११ मध्ये जावा ७ बरोबर ‘इन्व्होकडायनॅमिक’ ही नवी सूचना यंत्रात आली आणि जेरूबीने, म्हणजे रूबी भाषेच्या याच यंत्रावरील रूपाने, तिचा भरपूर उपयोग करून घेतला. ज्याच्या सूचनासंचात अशी भर घालावी लागते, त्याला आभास म्हणणे मला पटत नाही.

‘मानीव’ हा शब्द महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना चांगला परिचित आहे. विकासक जमिनीचे हस्तांतरण करून देत नसेल, तर संस्थेला ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळवता येते. त्याने सही केलेली नसते, तरी हस्तांतरण झाले असे कायदा मानतो आणि जमीन खरोखर संस्थेच्या नावावर होते. लोखंडाचे यंत्र नाही, पण ते आहे असे मानून दिलेल्या सूचनांचे फळ खरे मिळते, हा अर्थ ‘मानीव यंत्र’ या शब्दात नेमका उतरतो.

राहिला ‘मानीव यंत्रावर चालणारी भाषा’ यातल्या ‘वर’ या प्रत्ययाचा प्रश्न. ‘यंत्रात चालते’ असेही लिहिलेले आढळते, पण मला ‘यंत्रावर’ हेच योग्य वाटते. गिरणी विजेवर चालते, घर कोणाच्या तरी पगारावर चालते. या ‘वर’मध्ये आधार आहे, आणि आधार बदलला की काय सुटते हेही त्यात आपोआप येते. आकडेमोडीच्या नमपायसारखी, सी भाषेतल्या मूळ पायथनचा आधार धरून लिहिलेली विस्तारके जायथनवर चालत नाहीत, ती याच कारणाने.

‘मानीव यंत्रावर चालणारी भाषा’ हे वाचताना कोणाला अडखळायला होत असेल, तर नेमके कोणत्या शब्दापाशी, ते अवश्य लिहावे.